पाचव्या चकरेची पाटी

गुलाबराव, काल सोनाळ्याला तुझी तेरवी झाली. पंगती उठल्यावर मंडपात जी पंधरा-वीस माणसं सुपारी कातरत टेकली होती, त्यांच्यासमोर मी उभा राहिलो आणि एक गोष्ट सांगितली. चौदा वर्षं ती सांगितली नव्हती. सांगितल्यावर जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून आज गॅरेज बंद ठेवून लिहायला बसलोय. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं दार वाजवून गेली.

आधी गोष्ट काय ते लिहितो. तुला ती माहीतच आहे, पण हा कागद आणखी एका माणसाला वाचून दाखवायचा आहे, तेव्हा सगळं सरळ लिहिलेलं बरं. मद्रासच्या त्या शर्यतीत तू पाचव्या चकरेला मधेच गाडी आत घेतलीस आणि जन्मभराचं हसू करून घेतलंस, असं सगळ्यांना ठाऊक आहे. खरं असं की तू आपल्या मनानं आत आला नव्हतास. 'आत' लिहिलेली पाटी मी धरली होती. ती तू पाहिलीस, ऐकलीस आणि आलास. शर्यतीत ती पाटी धरायची नव्हती. चूक माझी होती, आणि ती तुझी म्हणून खपली.

तुझी-माझी गाठ पडली खामगावात, छोट्या शेठच्या गॅरेजात. शेठच्या घरचं कापसाचं जिनिंग होतं. वडील सरकी आणि गाठींत गुंतलेले, आणि हे चिरंजीव मुंबईला शिकायला जाऊन मोटारींच्या शर्यतीचा नाद घेऊन परतले. विलायतेची एक जुनी शर्यतीची गाडी त्यांनी आणवली होती. एकाच माणसाची जागा, चाकं उघडी, डोक्यावर छप्पर नाही. बाजाराला आलेली माणसं ती बघायला यायची आणि हिच्यात सामान कुठं ठेवता म्हणून विचारून जायची. मी त्या गाडीचा मेस्त्री होतो.

तू भाजीचा ट्रक चालवायचास. अमडापूरकडून वांगी-मिरच्या भरून येताना एकदा घाटात तुझे ब्रेक गेले. तू नुसत्या गिअरवर ट्रक खाली उतरवलास आणि गर्दीतून वाट काढत थेट आमच्या फाटकात आणून उभा केलास. एक टोपलं कलंडलं नव्हतं. शेठ फाटकातच उभे होते. त्यांनी आधी ट्रककडं पाहिलं, मग तुझ्या पायांकडं, कारण तू अनवाणी होतास. चपला कुठं आहेत असं त्यांनी विचारलं. चपला घातल्या की गाडी काय म्हणते ते समजत नाही, असं तू सांगितलंस, आणि तेही असं, की शेठलाच एवढं कसं कळत नाही. पुढच्या सोमवारी तू आमच्याकडं कामाला लागलास.

कागदावर तुझ्या हुद्द्याचं नाव 'राखीव चालक' होतं. शेठ आजारी पडले, त्यांना काही झालं, तर गाडी तू चालवायची. पण शेठची तब्येत ठणठणीत होती. म्हणजे प्रत्यक्षात तुझं काम सरावापुरतं. नवं इंजिन बसवलं की ते दमानं पळवून मोकळं करायचं, ब्रेकचे नवे जोड घासून बसवायचे, कोरे टायर मळवायचे, आणि सगळं जुळून आलं की गाडी पुसून शेठच्या हवाली करायची. मग शर्यतीला शेठ बसणार. तू भिंतीशी उभा राहून त्यांचा कोट सांभाळणार.

मी तुला यावरून फार छळलं. नवरदेवाची घोडी आदल्या दिवशी फिरवून आणणारा माणूस म्हणायचो तुला. तू हसून म्हणायचास, "फिरवून आनते त्यालेच घोडी वळखते बे. नवरदेव तं एक दिवसाचा." यावर आपली तीन वर्षं हुज्जत चालली. माझं म्हणणं, शर्यतीत जो बसतो तोच ड्रायव्हर, बाकी सगळी नोकरमाणसं. तुझं म्हणणं, शर्यत म्हणजे सरावाचा शेवटचा तुकडा आणि तेवढा कोणीही करील. या हुज्जतीचा निकाल लागलाच नाही. आज मला वाटतं की तुझंच थोडं जास्त बरोबर होतं. हे तू असताना म्हणालो असतो तर तू चार दिवस टिमकी वाजवली असतीस.

सराव नांदुऱ्याच्या पुढं, जळगाव जामोदच्या वाटेवर. दिवस उगवल्यापासून पहिली बस येईपर्यंत तो सरळ रस्ता आपला. एका मैलाच्या दगडापासून लिंबाच्या झाडापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं, ही एक चक्कर. शेठचा नियम होता, पाच चकरा झाल्या की गाडी थांबवायची. इंजिनच्या आवाजात हाका ऐकू येत नसत, म्हणून मी चहाच्या खोक्यांच्या फळ्या कापून पाट्या केल्या होत्या. एकीवर चुन्यानं 'हळू', एकीवर 'आत', आणि एक कोरी, खडूनं आकडे लिहायला. चौथ्या वेळी तू समोरून गेलास की मी 'आत'ची पाटी धरायचो. तू एक हात वर करायचास. पाचव्याला माझ्यासमोर गाडी उभी. मी चाकांना हाताची उलटी बाजू लावून कुठलं तापलंय ते बघायचो आणि तू बसल्या जागी गाडीचं गाऱ्हाणं सांगायचास. मागचं डावं चाक ऐकत नाही. ब्रेक आधी झोपतो आणि मग एकदम उठतो. मी ते लिहून घ्यायचो आणि दुपारी गाडी उघडली की तू सांगितलेल्या जागीच दोष सापडायचा. तीन वर्षांत तू दोनदाच चुकलास.

आणखी एक गोष्ट आपण दोघं करायचो, ती शेठना कधी कळली नाही. तू त्यांच्यापेक्षा वेगवान होतास. फार नाही, पण घड्याळात दिसेल एवढा. मालकापेक्षा राखीव माणूस पुढं, हे बरं दिसणार नाही म्हणून तू शेवटच्या तुकड्यात पाय उचलायचास. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी आपल्या परीनं घड्याळ जरा उशिरा दाबायचो. वर्षभर असं चाललं. मग एकदा शेठ म्हणाले की गुलाबराव दिवसेंदिवस मंद होत चाललाय, आणि आपण एकमेकांकडं पाहिलं. दोघांपैकी एकानं लबाडी केली असती तरी भागलं असतं. त्या दिवशी तू रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसलास, ते हसू मला अजून दिसतं.

मद्रासला दरवर्षी गाडी ट्रकवर चढवून आपण दोघंच न्यायचो. शेठ रेल्वेनं यायचे. तिथं शहराबाहेर लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी होती. रिकामी पिंपं मांडून तिच्यावर वळणावळणाचा रस्ता आखलेला असे, आणि देशातल्या चांगल्या-चांगल्या गाड्या तिथं यायच्या. राजेरजवाडे, गिरण्यांचे मालक, विलायतेला जाऊन आलेले. सरावाच्या दिवशी तू चालवायचास आणि शर्यतीच्या दिवशी भिंतीशी उभा राहायचास. पहिल्या वर्षी मी तुला विचारलं की कसं वाटतं. तू म्हणालास, ऊन फार आहे. दुसऱ्या वर्षी मी विचारलंच नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र वेगळं झालं. सरावाच्या दिवशी तू शेवटी पाय उचलला नाहीस, आणि तुझं बघून मीही घड्याळ वेळेवर दाबलं. शेजारी बंगलोरच्या एका मालकांच्या दोन गाड्या होत्या. पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्याही हातात घड्याळ होतं. ते माझ्याजवळ आले आणि हिंदीत विचारलं, तो अनवाणी माणूस कोणाचा. संध्याकाळी तुला बोलावून घेतलं. त्यांना दुसऱ्या गाडीसाठी माणूस हवा होता आणि तोही शर्यतीला बसणारा. राखीव नव्हे. शर्यत झाली की येऊन भेट, असं त्यांनी सांगितलं. तू परत आलास आणि एकदम कामाला लागलास. गाडीखाली शिरून, जे नट मी आवळले होते तेच पुन्हा आवळत बसलास. तू इतका आनंदात असलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी शेठ उतरले होते तिथं न्हाणीत घसरून पडले. मनगट सुजून टम्म. गिअर हलवता येईना. त्यांनी शर्यतीच्या नावनोंदणीचा कागद मागवला, राखीव चालकाच्या पुढं खूण केली आणि तुला म्हणाले, "बस. गाडी शाबूत आण." मला म्हणाले की पाट्या नीट दाखव, किती चकरा राहिल्या ते कळू दे त्याला. मी तिन्ही पाट्या भिंतीशी ओळीनं उभ्या करून ठेवल्या. 'आत'ची पाटी तिथं ठेवायचं काहीच कारण नव्हतं. रोज तीन असायच्या म्हणून तीन ठेवल्या. तिथूनच बिघडलं.

वीस चकरांची शर्यत. तू मागच्या रांगेतून निघालास. पहिल्या चकरेला नववा, दुसरीला सातवा. तिसरीला मी भिंतीवर चढून बघायला लागलो. चौथ्या वेळी तू समोरून गेलास तेव्हा तुझ्यापुढं दोनच गाड्या होत्या आणि त्यातली एक अगदी पुढ्यात. मी ओरडत होतो, मोजत होतो, आणि तोंडातून 'चार' हा आकडा निघाला आणि हात आपोआप खाली गेला. पाटी उचलली. धरली. मी काय धरलं ते मला कळलंच नाही. तीन वर्षं रोज सकाळी चार म्हटलं की तो हात तेच करत होता. तू पाटीकडं पाहिलंस. एक हात वर केलास.

पुढच्या चकरेला तू गाडी बाजूला घेतलीस आणि बरोबर माझ्यासमोर आणून उभी केलीस. चष्मा वर सरकवलास आणि बोलायला लागलास, "उजवीकडं वळताना जराशी..." आणि थांबलास. तेव्हा तुला कळलं, आणि तुझं तोंड बघून मला कळलं. आपण दोघं एकमेकांकडं बघत राहिलो आणि मागून गाड्या जात राहिल्या. मी पाटी पायानं पिंपामागं सरकवली. हे मुद्दाम लिहितोय. पाटी धरली ते नकळत झालं, पण ती लपवली ते मला पूर्ण कळत होतं.

शेठ गळ्यात हात बांधलेला तसेच धावत आले. "आत कशाला आलास? गाडीला काय झालं?" त्यांनी विचारलं. मी तिथं उभा होतो. घरी नुकतंच बाळंतपण झालं होतं आणि शेठ संतापले की माणूस जागच्या जागी काढायचे, हे दोन्ही त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, हे मी नाकारत नाही. तू माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस.

"ध्यान नाई राह्यलं शेठ," तू म्हणालास. "पाच झाल्या तं आलो."

इंजिन तापलेलं होतं, लवकर सुरू होईना. मी ढकलत होतो. तू गेलास तेव्हा सगळ्यात शेवटी होतास. तिथून पुन्हा दोन-तीन गाड्या मागं टाकल्यास, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेठ चिडले नाहीत, हीच गंमत. त्यांना हसू आलं. त्यांनी तिथल्या तिथं इतर मालकांना इंग्रजीत ती गोष्ट सांगितली, की माझा सरावाचा माणूस शर्यतीतसुद्धा सरावच करतो. सगळे मोठ्यानं हसले. पांढऱ्या मिशांचे गृहस्थही होते तिथं.

संध्याकाळी तू माझे बूट मागितलेस. बंगलोरच्या मालकांना भेटायला अनवाणी कसं जायचं म्हणून. माझे बूट तुला एक बोट आखूड होते, तरी घातलेस. अर्ध्या तासात परत आलास, बूट काढून माझ्या पेटीशी ठेवलेस आणि म्हणालास, "थे म्हनतात, मानूस चांगला हाय, पन शर्यतीत हावो हे ध्यानात राह्यनारा पायजे." एवढंच सांगून तू ट्रकचे दोर बघायला गेलास. मी अजूनही उठून त्या माणसाकडं जाऊ शकत होतो. त्यांचा तंबू पन्नास पावलांवर होता. मी बूट पुसत बसलो.

परतीच्या चार दिवसांत तू त्या गोष्टीवर बोलला नाहीस. मी दोनदा सुरुवात केली. एकदा तू म्हणालास की पुढं टायर घासतोय का बघ. दुसऱ्यांदा म्हणालास, "जाऊ दे बे. तुले घरी लेकरू हाय." मग मी गप्प झालो. तुझ्या मोठेपणावर मी आरामात बसलो, गुलाबराव. आधी महिनाभर, मग वर्षभर, मग त्याची सवयच होऊन गेली.

दोन वर्षांत शेठनी गाडी विकली. मी जळगाव जामोदला बसथांब्याजवळ हे गॅरेज टाकलं आणि तू सोनाळ्याला आपल्या भाजीच्या मळ्यात परत गेलास. पुन्हा ट्रक, पुन्हा टोपली. पण गोष्ट आपल्याआधीच पोचली होती. बाजारात तुला गुलाबराव पाचचकरे म्हणायला लागले. एखाद्यानं काम अर्धवट सोडलं की पाच चकरा झाल्या का म्हणून विचारायचे. तू त्यात सामील व्हायचास, म्हणून ते आणखी वाढत गेलं. तू चिडला असतास तर लोक दोन महिन्यांत विसरले असते.

आणि मी काय केलं ते लिहायलाच हवं. एकदा या गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसली होती. कोणीतरी म्हणालं, मेस्त्री, तुम्ही तर तिथं होते, सांगा न. आणि मी सांगितली. साभिनय सांगितली. तू चष्मा कसा वर केलास, शेठ कसे धावत आले. माणसं हसून हसून बाकावरून पडायची बाकी होती. मग माझं लक्ष दाराकडं गेलं. तू ट्रकच्या पंख्याचा पट्टा घ्यायला आला होतास आणि चौकटीशी उभा राहून ऐकत होतास. तू आत आलास, बाकावर जागा करून बसलास आणि त्यांना म्हणालास, "बराबर सांगून राह्यला मेस्त्री. असंच झालं होतं." मी तुला चहा सांगितला. तू प्यायलास. त्या दिवशी तू मला दोन मुस्कटात मारल्या असत्या तर मी तुझे पाय धरले असते आणि सगळं तिथंच मिटलं असतं. असं मला वाटतं. खरोखर धरले असते की नाही, कोण जाणे.

तू माझ्यासाठी हे सगळं काऊन केलं असशील, यावर मी फार डोकं चालवलंय. मैत्रीपायी, असं लोक म्हणतील. मला वाटतं, त्यात तुझी खोडही होती. तीन वर्षं पाटी दिसली की थांबायचं, हे तुझं काम. ज्यानं पाटी धरली त्यानं ती चुकून धरली की बरोबर, हे बघायचं तुझं काम नव्हतं. पाटी ऐकली यात तुला कमीपणा वाटतच नव्हता. आणि तरी त्या संध्याकाळी बूट काढताना तुझा चेहरा पडला होता. तो मी पाहिलाय, त्यामुळं तुला काही वाटलं नाही असं मी स्वतःला कधी पटवू शकलो नाही.

शेवटचा भेटलास तो गेल्या महिन्यात. ट्रकच्या क्लचवरून आपण भांडलो. प्लेट बदलायला हवी असं मी म्हणत होतो आणि अजून एक हंगाम चालेल असं तू. जाताना म्हणालास की टमाटे पाठवतो. पाठवलेसही. आठ दिवसांत तुझा चुलतभाऊ श्रीराम सायकल मारत आला आणि म्हणाला की सकाळी मळ्यात छातीत दुखलं आणि दुपारी सगळं आटोपलं. मी हातातला पाना खाली ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. आता सांगायचं कोणाला, हा होता. दुःख मागून आलं आणि ते अजून जात नाही.

तर कालची गोष्ट. मंडपात श्रीरामच बोलत होता. प्रेमानंच बोलत होता. तुझ्या चांगुलपणाच्या दोन-चार आठवणी सांगून झाल्यावर त्यानं मद्रासची काढली. रडून लाल झालेली माणसं हसायला लागली. तेव्हा मी उठलो. म्हणालो, "थे तसं नव्हतं. आत यायची पाटी म्या दाखोली होती. पाटी पाहूनच थो आत आला. त्याची काईच चूक नव्हती."

मला वाटलं, झालं, सुटलो. आणि श्रीरामनं डोळे पुसले आणि लोकांना म्हणाला, "पाहा, दोस्त असा पायजे. मेल्यावर बी त्याची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यला."

माना डोलल्या. एक म्हातारे होते त्यांनी मला हात जोडले. मी पुन्हा सांगितलं की हे खरं आहे, मी थट्टा करत नाही. तेवढ्यानं माझा मान आणखी वाढला. हाव, हाव मेस्त्री, बसा तुम्ही, असं म्हणत त्यांनी मला धरून खाली बसवलं. कोणी पाणी आणून दिलं. चौदा वर्षं तुझ्या नावावर माझी चूक होती, आणि काल ती मी परत मागितली तर तिच्याबरोबर तुझा चांगुलपणाही माझ्याच पदरात पडला. इतकी शरम मला पाटी लपवताना वाटली नव्हती.

मी बस धरायला निघालो तेव्हा कुसुमवहिनी मागच्या अंगणात आल्या. त्या बायकांत, दाराच्या आत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुझं लग्न शर्यतीनंतरच्या सालचं, म्हणजे त्यांनी ती गोष्ट तुझ्याच तोंडून ऐकलेली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "भाऊजी, थे पाटीचं खरं हाय का?" मी हो म्हणालो. मग सगळं सांगितलं. तीन पाट्या, चार म्हणताना खाली गेलेला हात, पिंप, शेठ. त्यांनी विचारलं की पाटी तुम्हीच धरली हे त्यांना माहीत होतं का. म्हटलं, डोळ्यांनी पाहिली होती त्यानं. त्या म्हणाल्या की ते मला तर आपलीच चूक झाली, मोजण्यात घोळ झाला, असंच सांगत आले. मला हे ठाऊक नव्हतं, गुलाबराव. निदान घरात तरी तू खरं बोलला असशील, या आशेवर मी इतकी वर्षं जेवत होतो.

वहिनी मला बोलतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी बोलायलाच हवं होतं. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाल्या, "म्या बी लय हासली न भाऊजी त्यायले. भांडन झालं का पह्यलं थेच काढत होती. तुमच्यानं पाच चकरांच्या पुढं काई होते का, म्हनत होती. थे हासत, अन् उठून मळ्यात जात." पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "आता म्या चुकलं म्हनून कोणाले सांगू?"

खरं बोललो की मन हलकं होईल एवढाच हिशेब मी करून आलो होतो. तू जे त्यांना इतकी वर्षं कळू दिलं नाहीस, ते मी तेराव्या दिवशी त्यांच्या ओटीत टाकलं आणि बस धरली.

म्हणून हा कागद. उद्या पहिल्या बसनं तो घेऊन सोनाळ्याला जातोय. वहिनींना सगळा वाचून दाखवीन आणि मग आम्ही दोघं तुझ्या मळ्यात जाऊन बसू. तुझी माफी दोघांनी मिळून मागू. एकट्यानं मागायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.